तीनशेचं रबर, पाच हजारांचा एक्सल

गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन चाकरमानी परतले, की ठाणे-डोंबिवलीकडच्या गॅरेजांचा खरा सीझन सुरू होतो. गर्दी गणपतीच्या आधीही असते, पण ती ‘ब्रेक बघा, ऑइल बदला, उद्या पहाटे निघायचंय’ अशा घाईतली. परतीची गर्दी वेगळी. या गाड्या पुढून कुरकुरत येतात, गतिरोधकावर ‘टक्’ करतात, स्टेअरिंग सोडलं की एका अंगाला जातात. आत सहा माणसं, टपावर कॅरिअरला बांधलेल्या बॅगा, डिकीत सीएनजीची टाकी, टाकीपुढच्या फटीत नारळ आणि तांदळाची गोणी, आणि खाली वर्षानुवर्षं रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग. मेस्त्री गाडी जॅकवर घेतो, पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवतो आणि काही न बोलता मालकाकडे बघतो. हे हजारात मिटणारं काम नाही, एवढं मालकाला कळून चुकतं.

अशा गॅरेजांत बसून मी ज्या गाड्या बघितल्या, त्यांत सगळ्यांत जास्त वॅगन-आर होत्या. त्यात नवल काही नाही. २०२१-२२ पासून सलग काही वर्षं देशात सर्वाधिक खपलेली गाडी तीच. १९९९च्या अखेरीस ती आली, तेव्हा तिच्या उंच, चौकोनी आकाराची पुष्कळ टिंगल झाली होती. त्याच सुमारास सँट्रो आली होती, आणि पुण्यात टाटांची इंडिका. सँट्रो आणि इंडिका काळाच्या ओघात गेल्या. वॅगन-आर तेवढी राहिली, कारण आजी-आजोबांना वाकावं न लागता आत बसता येतं आणि फेटा बांधलेल्या नवरदेवालाही. लांबी ३,६५५ मिलिमीटर. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असलेल्या गाडीला सरकार ‘छोटी’ म्हणतं आणि कर कमी लावतं, म्हणून आपल्याकडच्या हॅचबॅकचं माप आधी अर्थखातं ठरवतं, डिझाइनर नंतर.

एवढी खपलेली गाडी म्हटल्यावर तिची दुखणी प्रत्येक नाक्यावर पाठ असतात. आणि गंमत अशी, की त्यातली बहुतेक इंजिनाची नसतातच. ती असतात रबराची, पाण्याची आणि तेलाची. मोठी बिलं बघत गेलं, की प्रत्येकाच्या मुळाशी कुठलीतरी दोन-तीनशे रुपयांची वस्तू निघते, जी वर्षभरापूर्वी बदलायची राहून गेली होती. खाली जे आकडे देतोय ते पुण्या-मुंबईतल्या बाहेरच्या गॅरेजांचे, ढोबळ आहेत. शहरागणिक आणि पार्टच्या कंपनीगणिक ते हलतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मजुरी सहज दीडपट-दुप्पट लागते.

एक्सलचंच बघा. या गाड्यांचं इंजिन पुढे, आडवं बसवलेलं, आणि ओढतात पुढचीच चाकं. गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांकडे एकेक दांडा जातो. चाक वळतंही आणि फिरतंही, म्हणून दांड्याच्या टोकाला गोळ्यांचा सांधा असतो. त्या सांध्यावर रबराची घडीदार टोपी चढवलेली असते, तिला गॅरेजात ‘बूट’ म्हणतात. आत ग्रीस भरलेलं. सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजात मेस्त्रीनं चाक पूर्ण वळवून मला तो दाखवला. घडीच्या खाचेत बोटभर चीर पडली होती. तिथून उडालेलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला काळं गोल वळण काढून बसलं होतं, आणि त्या ग्रीसमध्ये वाळू. त्यानं चिमटीत घेऊन चोळून दाखवलं, करकर वाजलं. “आता हे गोळ्यांना खाणार,” तो म्हणाला. “काका म्हणत होते, दिवाळीनंतर बघू.” काका म्हणजे गाडीचे मालक. फाटल्याबरोबर आणलं असतं तर बूट तीनशेचा, ग्रीस आणि मजुरी धरून हजारात काम झालं असतं. आता पूर्ण वळण घेताना ‘कटकटकट’ असा आवाज सुरू झालेला होता, म्हणजे सांधा गेला. नवा एक्सल चांगल्या कंपनीचा घेतला तर पाच हजारांच्या आसपास.

सस्पेन्शनमध्ये इतकं सरळ गणित नसतं, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच. ‘टक्’ हा एकच आवाज लिंक रॉडचा असू शकतो, बॉल जॉइंटचा असू शकतो, लोअर आर्मच्या बुशचा किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचाही. लिंक रॉड पाच-सातशेला एक. लोअर आर्म पंधराशे-दोन हजार. पुढचे दोन्ही शॉकअप मजुरीसकट पाच-सहा हजार. कंपनीच्या सेंटरला बुश फाटला तर अख्खा आर्म बदलतात. बाहेरचा मेस्त्री जुना बुश ठोकून काढतो आणि शेजारच्या लेथवाल्याकडून नवा प्रेस करून आणतो, दोन-तीनशेत. आर्म वाकलेला नसेल तर हे काम अगदी चोख असतं. वाकलेला असेल, तर अलाइनमेंट कितीदाही करा, टायर आतून झिजतच राहतो आणि मग चार-चार हजारांचे दोन टायर त्या बुशच्या खात्यात जमा होतात. चांगला मेस्त्री कसा ओळखावा असं विचारलं, तर माझं उत्तर एवढंच: आवाज ऐकल्याबरोबर पार्टचं नाव सांगणारा नको. आधी गाडी घेऊन गतिरोधकावर चक्कर मारून येणारा, मग खाली शिरून पहार लावून एकेक सांधा हलवून बघणारा हवा.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो. येताना बोगदा आहे, जाताना घाटच चढावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्या चढावर कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मोजाव्या लागत नाहीत, ठरलेल्याच असतात. भरलेली गाडी, एसी चालू, दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे. त्या वेळी इंजिनाला वाचवतं ते रेडिएटरमधलं कूलंट आणि त्यावरचं झाकण. झाकण साधं दिसतं, पण आत स्प्रिंग असते. ती पाण्यावर दाब ठेवते, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याहून बरंच वर जाऊन उकळतं. स्प्रिंग ढिली पडली, की हा फायदा गेला. झाकणाची किंमत दीडशे ते तीनशे रुपये.

कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. लिटरला अडीचशे-चारशे रुपये. आपल्याकडे मात्र रेडिएटर हा माठ समजून त्यात नळाचं, बोअरचं, टपरीवरच्या जगमधलं, जे मिळेल ते पाणी ओतायची जुनी रीत आहे. सोलापूर-मराठवाड्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. ते क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. गार इंजिनावर झाकण उघडून मेस्त्रीनं मला एका गाडीचं पाणी दाखवलं, गुळाच्या चहाच्या रंगाचं. थर्मोस्टॅट बाहेर काढला तर तो उघडायचंच विसरला होता. अशा वेळी काही मेस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि त्याशिवायच गाडी चालवायला सांगतात. गाडी चालतेही. पण मग इंजिनाला हवा तेवढा ऊबदारपणा येतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. नवा थर्मोस्टॅट पाचशे-हजारात येतो, तो बसवायचा आळस कशाला?

आताच्या वॅगन-आरच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनिअमचे. २०१०च्या वॅगन-आरपासून जे ‘के’ मालिकेतलं ९९८ सीसीचं इंजिन आलं, ते हलकं आहे, पेट्रोल कमी पितं, चांगलं आहे. पण जुन्या बिडाच्या इंजिनासारखं ते ताप सोसत नाही. अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाही नसतो, नुसता लाल दिवा असतो. तो लागला की पुढचा पेट्रोल पंप गाठू असं म्हणायचं नाही. कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं, झाकणाला हात लावायचा नाही. जे तसेच दोन-चार किलोमीटर रेटतात, त्यांच्या गाडीचं हेड बाक धरतं आणि गॅस्केट उडतं. मग हेड उतरवून मशीन शॉपला जातं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम बघण्यासारखं असतं. लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. कारागीर हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवतो, पट्टीखाली फिलर गेजचं पातळ पातं सरकवून बघतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचाही बाक इथे चालत नाही. फेसिंग करून, व्हॉल्व घासून, नवं गॅस्केट टाकून गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा-पंधरा हजार जातात. पिस्टन-रिंगांपर्यंत नुकसान गेलं, तर फुल इंजिनाचं काम चाळीस-पन्नास हजारांवर पोचतं. हे सगळं दीडशेच्या झाकणापासून सुरू झालेलं असतं.

पाणी बाहेरून आलं तर आणखी वाईट. २६ जुलै २००५ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा छोट्या गाड्यांच्या बाबतीत एक धडा सगळ्या गॅरेजांनी गिरवला: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करायची नाही. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीही मग वादाला उभी राहते, कारण पाण्यानं गाडी बंद पडली हे एक नुकसान, आणि तुम्ही चावी फिरवून इंजिन फोडलं हे दुसरं. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घेतलेलं नसेल, तर दुसऱ्याचे पैसे सहसा मिळत नाहीत.

क्लचचं दुखणं शहरागणिक बदलतं. नगर रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर रोज तासभर हाफ क्लचवर सरकणारी गाडी तीस-चाळीस हजार किलोमीटरला क्लच मागते. तीच गाडी बार्शी-लातूर करत असेल तर ऐंशी हजारांपर्यंत तक्रार नसते. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सेट आणि मजुरी मिळून सहा-आठ हजार. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, म्हणून ‘नुसती प्लेट टाका, बेअरिंग चांगलं आहे’ असं म्हणून चारशे वाचवणारा माणूस सहा महिन्यांनी तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचे पैसे देतो.

ज्यांना क्लचवरचा हा डावा पायच नको, ते एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतात. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर ही सोय छोट्या गाडीत आली आणि पुढच्या वर्षी वॅगन-आरलाही मिळाली. पुष्कळांना वाटतं की यात क्लच नसतो. असतो, तोच असतो. फक्त पायाऐवजी तो दाबायला तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र बसवलेलं असतं. म्हणजे चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच जळतोच, शिवाय त्या यंत्राचं तेल गळायला लागलं किंवा त्याचा पंप बसला तर बिल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातं. चढावर हँडब्रेक लावणं फुकट असतं.

तेलाबद्दल जुन्या मेस्त्र्यांशी वाद घालायची वेळ येते. मारुती ८०० आणि पहिल्या वॅगन-आरवर हात बसलेली पिढी जाड ऑइलवर विश्वास ठेवणारी. “पातळ ऑइल इंजिनात टिकत नाही हो साहेब.” त्यांच्या काळातल्या इंजिनांना ते खरंही होतं. नव्या ‘के’ इंजिनाच्या वाटा अरुंद, टायमिंगला पट्ट्याऐवजी चेन, आणि तिचा ताण तेलाच्या दाबावर. तिथे पुस्तकात लिहिलेलं पातळ ऑइलच हवं. तीन लिटरच्या आतबाहेर लागतं, फिल्टरसकट दीड-दोन हजार. दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. फक्त रविवारी देवळापर्यंत जाणाऱ्या गाडीचं ऑइलही वर्षानं बदलायचं असतं, हे निवृत्त मंडळींना पटवणं सगळ्यांत अवघड.

सीएनजीच्या गाड्यांना वेगळे नखरे. ३४.०५ किलोमीटर प्रतिकिलो हा वॅगन-आरचा कागदावरचा आकडा, आणि असले आकडे ठरवते ती पुण्यातली एआरएआय ही वाहनचाचणी संस्था. तिच्या नावाच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना रस्त्यावर सव्वीस-सत्तावीस मिळालं तरी ते समाधानी असतात. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे स्पार्क प्लग लवकर जातात आणि मग कॉइलवर ताण येतो. गाडी ‘मिसिंग’ करते, सिग्नलला उभी असताना थरथरते. तीन सिलिंडरचं इंजिन तसंही थोडं थरथरतंच, पण आधी नव्हतं आणि आता आहे हा फरक मालकाला कळतो. तीन प्लग चार-पाचशेत, कॉइल हजार-दीड हजारांना एक. प्लग वेळेवर बदलणाऱ्याला कॉइल क्वचित बदलावी लागते. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी कायद्यानं सक्तीची आहे, आणि ती पुढे ढकलण्याची चूक मात्र नुसत्या पैशांची नाही.

पेट्रोलवाल्यांपुढे हल्ली प्रश्न इथेनॉलचा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या उसातून निघालेलं इथेनॉल २० टक्के मिसळून पंपावर येतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असा अंदाज दिला होता. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल लाइनची रबरं आणि सील यांच्याकडे बघून ठेवायला मेस्त्री सांगतात. दहा वर्षांपलीकडची गाडी असेल तर नळ्यांवर बोट फिरवून बघा. मऊ-फुगीर लागल्या तर बदला, खर्च किरकोळ आहे आणि पेट्रोलची गळती किरकोळ नसते.

आणि उंदीर. यांत्रिक दुखण्यांच्या कुठल्याही पुस्तकात नसलेलं हे दुखणं सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येतात, वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. गणपतीचं वाहन आपल्या वाहनात राहायला आलं म्हणून हसायचं, पण एबीएसची एक वायर तुटली तरी डॅशबोर्डवर दिव्यांची आरास लागते. बाहेरचा इलेक्ट्रिशियन तुटलेली वायर शोधून जोडून देतो, पाचशे-हजारात. सेंटरला ‘हार्नेस बदलावा लागेल’ असं उत्तर मिळालं तर आकडा वीस हजारांच्या पुढे जाऊ शकतो. उपाय म्हणून कोणी तंबाखूची पानं टांगतं, कोणी डांबरगोळ्या, कोणी फवारा. गाडी दोन दिवसांआड हलवणं आणि बोनेट उघडून बघणं यापेक्षा भरवशाचं मला काही दिसलं नाही.

आता बिल. सर्व्हिस सेंटरचं बिल वाचणं ही कला आहे. वरचा अर्धा भाग ठरलेला: ऑइल, फिल्टर, मजुरी. खालचा अर्धा वाचा. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी व्हेंट निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, इंटेरिअर पॉलिश. यातलं काही गरजेचं असू शकतं. कोकणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्यानं खालचं कोटिंग करून घ्यावंच. पण नगरच्या कोरड्या हवेत दरवर्षी कशाला? गाडी टाकतानाच जॉब कार्डवर ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’ लिहून घ्या, आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. जुने पार्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं बिल कमी येतं, असं मला सेंटरमध्येच काम केलेल्या एकानं हसत सांगितलं.

तरीही सेंटरचा एक फायदा बाहेर मिळत नाही, तो म्हणजे रिकॉल. ऑगस्ट २०१९मध्ये १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ दरम्यान बनलेल्या ४०,६१८ वॅगन-आर पेट्रोलच्या नळीच्या क्लॅम्पसाठी परत बोलावल्या गेल्या. जुलै २०२०मध्ये फ्युएल पंपासाठी ५६,६६३. मार्च २०२४मध्ये पुन्हा पंपाच्याच एका भागासाठी ४,१९०. हे काम फुकट होतं. पण गाडी दोन-तीन हात बदलून गेली असेल, तर कंपनीचा निरोप पहिल्याच मालकाला जातो आणि तिसऱ्याला पंप बसल्यावर कळतं. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकला की मिनिटात उत्तर मिळतं.

पार्ट बाहेरून घ्यायचे तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर. तिथे एकाच ब्रेकपॅडचे तीन भाव सांगतात. पहिला गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा ज्या कारखान्यानं तो कंपनीसाठी बनवला त्याच्याच नावाच्या खोक्यातला, पंचवीस-तीस टक्के स्वस्त, आणि बहुतेक वेळा हाच घ्यावा. तिसरा ‘लोकल’. फिल्टरचा लोकल एकवेळ चालेल, ब्रेक आणि स्टेअरिंगच्या पार्टमध्ये नको. २२ सप्टेंबर २०२५पासून सगळ्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच वस्तूंवर २८ होता. जुनी एमआरपी छापलेलं खोकं पुढे आलं तर तेवढं बोलून बघा.

या सगळ्या हिशेबाचा शेवट एका प्रश्नापाशी येतो: चौदा वर्षांची गाडी, बाजारात किंमत सव्वा लाख, आणि इंजिनाचं काम पन्नास हजारांचं. करावं का? बॉडी गंजलेली नसेल आणि तीन-चार वर्षं वापरायची असेल तर करावं, कारण पन्नास हजारांत दुसरी भरवशाची गाडी येत नाही. विकायचीच असेल तर करू नये, तो खर्च किमतीत भरून निघत नाही. काहीजण मधला मार्ग काढतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून अपघातात सापडलेल्या गाडीचं इंजिन उचलतात आणि बसवतात, निम्म्या पैशांत काम. इंजिन चांगलं निघालं तर सौदा वाईट नाही. पण ते आरटीओत नोंदवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो, आणि पुष्कळजण तो हेलपाटा टाळून गाडी विकून मोकळे होतात. घेणाऱ्याला ते विम्याच्या क्लेमच्या वेळी कळतं. म्हणून जुनी गाडी बघायला सकाळी लवकर, न सांगता जा. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधीच ती चालू करून ठेवलेली आहे. ऑइलचं झाकण उघडून आतून पांढरट साय धरली आहे का ते बघा. आणि टॉर्च लावून इंजिनावरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या.